अंदाज कट्टा: कांद्याचा भाव, क्रिएटर दादा आणि पॉइंटांचा बाजार

१२ जानेवारी

आजपासून रोज काय केलं ते इथे लिहून ठेवतोय, मागच्या कामात कुठला निर्णय का घेतला तेच नंतर आठवेना म्हणून. काम असं आहे. आपल्या नाशिक जिल्ह्यात कांद्याचे भाव सांगणारे, द्राक्षाच्या फवारण्या सांगणारे, शहरातल्या बातम्या देणारे क्रिएटर भरपूर आहेत आणि लोक त्यांचं मनापासून ऐकतात. रोज कुणीतरी थंबनेल टाकतं, कांदा इतक्यावर जाणार, पुढच्या आठवड्यात मोठी तेजी वगैरे, आणि पुढचा आठवडा आला की कुणी मागे वळून बघत नाही की तो बरोबर होता का. मला एवढंच करायचंय की क्रिएटरने अंदाज टक्क्यात सांगायचा, त्याच्या माणसांनी पण सांगायचा, त्यावर पॉइंट लावायचे, उत्तर आलं की हिशोब व्हायचा आणि तो सगळ्यांना दिसायचा. याला प्रेडिक्शन मार्केट म्हणतात. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने १९८८ पासून निवडणुकांवर असा बाजार चालवला, खऱ्या पैशाचा पण छोट्या रकमेचा. आपला पूर्ण बिनपैशाचा.

मी कोड बघतोय, मावसभाऊ लोकांशी बोलणं बघतोय. जागा कॉलेज रोडला त्याच्या दुकानाच्या वरची खोली. नाव सध्या अंदाज कट्टा.

१३ जानेवारी

पैशाचा विषय आजच संपवून टाकला. काही जण म्हणाले दहा-वीस रुपये लावले तरच लोक सिरियसली घेतात. पण ऑगस्ट २०२५ मधे केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, त्यात पैसे लावून पैसे जिंकायचा ऑनलाइन खेळ सरसकट बंद आहे आणि कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वाद कायद्याने बाजूलाच ठेवलाय. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने तर त्याआधीच एप्रिलमधे सांगितलं होतं की हे ओपिनियन ट्रेडिंग, म्हणजे एखादी गोष्ट होईल की नाही यावर पैसे लावणं, आमच्या अखत्यारीत येत नाही, गुंतवणूकदाराला संरक्षण मिळणार नाही. आणि क्रिएटर लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अशा खेळाची जाहिरात करणाऱ्याला पण २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे ॲप आमचं आणि अडकणार रील टाकणारा दादा.

कायदा नसता तरी मी पैसे ठेवले नसते. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावाच्या आकड्यावर लोक पैसे लावायचे त्यातनंच मटका निघाला, आणि आकडा या शब्दाने किती घरं बसली ते आपल्याकडे सांगायला लागत नाही. कांद्यावर आधीच शेतकऱ्याचं वर्ष लागलेलं असतं, त्यावर अजून काही लावायला सांगणं मला जमणार नाही.

१७ जानेवारी

पहाटे निघून लासलगावला. ज्या दादांबरोबर सुरुवात करायचीय ते रोज सकाळ सत्रात मार्केट यार्डात उभे राहून व्हिडिओ करतात. त्यांच्याबरोबर दोन तास फिरलो. ट्रॅक्टरच्या रांगा लागलेल्या, लिलाव पुकारणारा पुढे पुढे जातो, व्यापाऱ्यांचा घोळका त्याच्याबरोबर सरकतो, एखादा व्यापारी ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालून खालचा कांदा वर काढतो, अंगठ्याने साल दाबून बघतो, आणि मिनिटभरात भाव होऊन चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात. शेतकरी चिठ्ठी वाचतो तेव्हा दादा कॅमेरा त्याच्या तोंडावर नेत नाहीत, आधी विचारतात. मला हे फार आवडलं.

दादांना कट्ट्याचं सांगितलं. ते शांत ऐकत होते, मग म्हणाले, "हे बघ भाऊ, मी चुकलो तर ते पण दिसणार का?" मी म्हटलं हो दिसणार. ते म्हणाले दोन दिवस विचार करतो. एका ॲपवाल्यांनी मागे त्यांना रीलसाठी चांगले पैसे देऊ केले होते, पण गावातली पोरं त्यात पैसे घालवतील म्हणून त्यांनी नाही सांगितलं. असा माणूस हवाय आपल्याला.

२० जानेवारी

दादांचा होकार आला. अट एकच, त्यांच्या लोकांचे फोन नंबर कुणाला द्यायचे नाहीत. मान्य.

आज कट्ट्यावरचा भाव काढायचं गणित बसवलं. हा कांद्याचा भाव नाही, 'हो' व्हायची शक्यता लोकांच्या मते किती टक्के ते. रॉबिन हॅन्सन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाची पद्धत आहे, त्यात समोर विकणारा माणूस लागत नाही, सिस्टिम स्वतःच दोन्ही बाजूचे शेअर विकते आणि जसजशी खरेदी होते तसतसा भाव वर जातो. प्रश्न हो-नाहीचा असेल तर सुरुवात ५० टक्क्यांवर, आणि 'हो' बरोबर आलं तर 'हो'च्या एका शेअरला एक पॉइंट. बाजार किती हलका की जड, म्हणजे थोड्या खरेदीने भाव किती उडतो, हे एका आकड्यावर ठरतं, तो मी १०० ठेवलाय. त्या हिशोबाने पहिल्याच माणसाने 'हो'चे ५० शेअर घेतले तर त्याला २८ पॉइंट पडतात आणि भाव ६२ टक्क्यांवर जातो. सिस्टिमचा जास्तीत जास्त तोटा ६९ पॉइंट. कागदावर तीनदा करून पाहिलं, कोडमधनं पण तेच येतंय.

प्रत्येकाला सुरुवातीला १०० पॉइंट.

२२ जानेवारी

पहिला खरा प्रश्न: "पुढच्या शुक्रवारी लासलगावचा लाल कांद्याचा सर्वसाधारण भाव या शुक्रवारपेक्षा जास्त असेल का?" दादांनी दुपारी व्हिडिओ टाकला, लिंक दिली, आणि जाताजाता म्हणाले की मला तरी नव्वद टक्के वाटतंय वाढेल.

झालं ते असं. लोक धडाधड आले, सगळे 'हो'. पंचवीस जणांनी दहा-दहा पॉइंट लावले तेवढ्यातच भाव ९६ टक्क्यांवर. कमेंट बघितल्या तर, दादा बोलले म्हणजे झालं, दादांवर विश्वास आहे, एवढंच. मग देवळ्याकडच्या एका आजोबांनी १० पॉइंटात 'नाही' घेतलं, त्यांना १२७ शेअर मिळाले, भाव ८७ वर आला, आणि पंधरा मिनिटात दादांच्या माणसांनी तो परत ९५ च्या वर नेऊन ठेवला.

हे मला खटकतंय. बाजाराचा आकडा ९६ आहे पण त्यात ९६ टक्के माहिती नाहीच, एका माणसाचं मत पंचवीस वेळा छापलंय.

२३ जानेवारी

रात्री यावरच विचार. गाल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाचं १९०७ चं ते बैलाचं वजन ओळखायचं उदाहरण सगळीकडे सांगतात, प्लिमथच्या जत्रेत ७८७ चिठ्ठ्या, मधला अंदाज १२०७ पौंड आणि खरं वजन ११९८. पण तिथे प्रत्येकाने आपापली चिठ्ठी लिहून दिली होती, शेजारच्याचा आकडा दिसत नव्हता. बैलाच्या शेजारी उभं राहून कुणी मानाचा माणूस मोठ्याने आकडा सांगत असता तर त्या ७८७ चिठ्ठ्यांचं काय झालं असतं.

क्रिएटरमुळे माणसं जमतात आणि क्रिएटरमुळेच ती सगळी एका बाजूला जातात. या प्रोजेक्टचा खरा प्रश्न हाच आहे, बाकी सगळं कोडिंग.

३० जानेवारी

आज निकाल आणि आज भांडण.

दादांनी सकाळ सत्रातला व्हिडिओ टाकला, त्यात एका ट्रॅक्टरला मागच्या शुक्रवारपेक्षा चांगला भाव मिळाला, म्हणजे लोकांच्या मते 'हो' जिंकलं. पण तो एका चांगल्या मालाचा वरचा भाव. पणन मंडळाच्या साइटवर संध्याकाळी आकडे आले तर सर्वसाधारण भाव थोडा खाली. त्यात अजून गुंता, तिथे लासलगाव वेगळं, लासलगाव - निफाड वेगळं आणि लासलगाव - विंचूर वेगळं दाखवतात, आणि विंचूरचा थोडा वर होता. मग ग्रुपवर एकजण म्हणतो विंचूर पण लासलगावच, दुसरा म्हणतो दादांनी दाखवला तोच खरा भाव, तिसरा म्हणतो तुम्ही व्यापाऱ्यांचे आहात का.

चूक माझी आहे. प्रश्नात कुठला यार्ड, कुठल्या साइटचा आकडा, किती वाजता बघायचा, हे काहीच लिहिलं नव्हतं. सगळ्यांना ग्रुपवर तसं स्पष्ट लिहिलं, प्रश्न रद्द केला, पॉइंट परत दिले. देवळ्याच्या आजोबांना वेगळा फोन केला कारण त्यांचे ११७ पॉइंट फायद्याचे जात होते. ते म्हणाले, "रद्द केलंस ते बरोबर केलंस, पण पुढच्या वेळी आधी नीट लिही रे बाबा."

आता प्रत्येक प्रश्नाखाली तीन ओळी सक्तीच्या: कुठला आकडा, कुठून, कधी. आणि ज्याने प्रश्न काढला त्याने उत्तर ठरवायचं नाही. मॅनिफोल्ड नावाच्या अशाच अंदाजांच्या साइटवर बऱ्याचदा प्रश्न काढणाराच उत्तर देतो, तिथे चालत असेल, आपल्याकडे क्रिएटरच्या मानाचा प्रश्न येतो, त्याला त्या जागी बसवायलाच नको.

३१ जानेवारी

घरी काकांना कट्टा दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि फोन परत दिला. म्हणाले मी नाही असल्यात पडत.

कारण मला माहितीये. डिसेंबर २०२३. कांदा काढून शेतात होता, लाल कांदा चाळीत टिकत नाही, दोन-तीन आठवड्यात काढायलाच लागतो, पण तेव्हा एका व्हिडिओत सांगितलं होतं की थांबा, अजून वाढणार. काका आठवडाभर थांबले. ७ डिसेंबरला रात्री निर्यातबंदीचं नोटिफिकेशन आलं, ८ पासून लागू. भाव कोसळले, लिलाव बंद पडले, लोक रस्त्यावर आले. काकांच्या कांद्याला तोपर्यंत कोंब यायला लागले होते.

मी त्यांना आज एवढंच म्हटलं की त्या व्हिडिओवाल्याने टक्के सांगितले असते तर? कारण खुणा होत्या ना. ऑगस्ट २०२३ मधे ४० टक्के निर्यात शुल्क लावलं होतं, ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याखाली कांदा बाहेर पाठवता येत नव्हता. सरकार एकेक पायरी चढत होतं. वर्षअखेरपर्यंत अजून निर्बंध येतील का असा प्रश्न कुणी शंभर शेतकऱ्यांना वेगवेगळा विचारला असता तर मला नाही वाटत सगळ्यांनी शून्य लिहिलं असतं. बंदी येणारच हे कुणालाच माहीत नव्हतं, पण तीन-चारातली एक शक्यता आहे एवढं जरी समोर असतं तरी काकांनी निम्मा माल आधी विकला असता.

काका काही बोलले नाहीत. चहा पिऊन शेतात गेले.

३ फेब्रुवारी

नवीन पद्धत चालू. याला आम्ही बंद पाकीट म्हणतोय.

प्रश्न निघाला की पहिले चोवीस तास बाजार बंद. प्रत्येकाने आपला आकडा ० ते १०० मधे टाकायचा, कुणाचाच दिसत नाही, दादांचा पण नाही, आणि दादांनी व्हिडिओत फक्त प्रश्न समजावून सांगायचा, आपला आकडा बोलायचा नाही. चोवीस तासांनी सगळी पाकिटं एकदम उघडतात, सगळे आकडे लहान ते मोठे लावल्यावर बरोबर मधे येणारा आकडा हीच बाजाराची सुरुवात. मग दादा आपला आकडा आणि त्यामागचं कारण सांगतात आणि मग पॉइंटांची खरेदी चालू. बाजार पण जड केला, १०० चा आकडा ५०० केला, म्हणजे दहा-वीस जणांनी ढकलला तरी एकदम उडणार नाही.

६ फेब्रुवारी

पहिली पाकिटं उघडली. ४१ जण. सगळ्यात कमी २०, सगळ्यात जास्त ९५, मधला ५५. दादांचा ८०.

मला हा ५५ बघून इतका आनंद झाला की मावसभावाला झोपेतनं उठवून सांगितलं. कारण हीच माणसं मागच्या वेळी ९६ म्हणत होती. यांच्याकडे आपापली माहिती आहे, कुणाच्या शिवारात काढणी लांबलीय, कुणी उमराण्याला भाव विचारून आलंय, कुणाचा पाहुणा येवल्याला ट्रक भरतो. व्हिडिओ आधी बघितला की हे सगळं ती माणसं गिळून टाकतात.

१३ फेब्रुवारी

स्कोअर लावला. ब्रायर नावाच्या हवामानतज्ज्ञाची रीत, १९५० ची, हवामानाच्या अंदाजासाठी काढलेली. 'हो' झालं तर १, 'नाही' झालं तर ० धरायचा, आणि अंदाज त्यापासून जितका लांब त्याचा वर्ग म्हणजे दंड. ९० टक्के 'हो' सांगितलं आणि 'नाही' झालं तर दंड ०.८१, ६० सांगितलं असतं तर ०.३६, आणि नेहमी ५० सांगत बसलं तर कायम ०.२५. जितका कमी तितकं चांगलं. लोकांना दशांश आवडत नाहीत म्हणून शंभरातले गुण करून दाखवतोय.

दादांच्या तीन प्रश्नांचा स्कोअर त्यांच्याच ग्रुपच्या मधल्या आकड्यापेक्षा मागे आहे. फोन करून आधी त्यांना सांगितलं, मग लावला. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझी सवयच आहे जोरात बोलायची. ऐंशी म्हटलं तर लोक म्हणतील दादाला खात्री नाही." मी म्हटलं दादा, खात्री नसताना खात्री दाखवली की काकांसारखी माणसं थांबतात. त्यांना काकांचं सगळं सांगितलं.

१६ फेब्रुवारी

बक्षीस काय द्यायचं यावर ग्रुपवर दोन दिवस चर्चा. कुणी म्हणतं फवारणीचा पंप द्या, कुणी कांद्याची गोणी. नको म्हटलं, बक्षीस आलं की परत त्याच वाटेला लागतो. शेवटी ठरलं की आठवड्यात पहिल्या तिघांचं नाव आणि गाव दादा व्हिडिओत घेतील. लोकांना नावापेक्षा गावाचं जास्त कौतुक आहे. आता गावांची पण यादी लावलीय, चांदवडकडच्या एका गावाने देवळ्याच्या आजोबांच्या गावाला मागे टाकलं तर आजोबांनी शाळेतल्या नातवाला पण बसवलंय म्हणे कारणं शोधायला.

२० फेब्रुवारी

काळजीचा विषय. रात्री अकरा ते बारामधे १७ नवीन खाती उघडली, सगळ्यांनी "भाव वाढेल का" ला 'नाही' घेतलं, बाजार ६० वरनं ५० च्या खाली. पॉइंटात फायदा काय, काहीच नाही. पण सकाळी हा आकडा बघून कुणी घाबरून माल आणला तर स्वस्तात घेणाऱ्याचा फायदा आहे. कुणी केलं माहीत नाही आणि अंदाजाने कुणावर बोट दाखवायचं नाही.

हॅन्सनचाच असा मुद्दा आहे की बाजार ढकलणारा माणूस उलट उपयोगी पडतो, कारण त्याच्या विरोधात जाऊन बाकीच्यांना कमवता येतं आणि त्या आशेने जाणकार माणसं येतात. पैशाच्या बाजारात ढकलणाऱ्याच्या खिशातनं जातं म्हणून ते खरं. आपल्याकडे नवीन खात्याला १०० पॉइंट फुकट मिळतात, म्हणजे ढकलायला काहीच लागत नाही. म्हणून बदल: नवीन खात्याला १० पॉइंट, पुढचे दर आठवड्याला पाकीट भरलं तरच, आणि पाच प्रश्नांचे निकाल लागल्याशिवाय त्या खात्याचं पाकीट मधल्या आकड्यात धरायचं नाही. जुन्या एका प्रामाणिक माणसाला नवीन खात्यासारखं वागवलं गेलं, नंबर बदलला होता त्यांनी, ते हाताने दुरुस्त केलं.

२४ फेब्रुवारी

उगावकडच्या एक ताई द्राक्षाचं सांगतात, त्यांचा ग्रुप जोडला. लोक कमी पण पाकिटं फार विचारपूर्वक. ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं किमान तापमान असा प्रश्न घेता येईल का, थंडीत पारा उतरला की बागेत पहाटे शेकोट्या पेटवायच्या का नाही हे ठरवायला लागतं. एकदम योग्य प्रश्न, आकडा एका ठिकाणचा, रोज सकाळी येतो, वादाला जागाच नाही. पुढच्या थंडीसाठी आत्ताच लिहून ठेवला.

२८ फेब्रुवारी

नाशिक शहराचं पेज चालवणाऱ्या पोरांना भेटलो. त्यांना सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांवर प्रश्न हवेत, ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे, त्याआधी अमुक रस्ता खुला होईल का वगैरे. घेऊ.

पण त्यांचा सगळ्यात आवडता प्रश्न पावसाळ्याचा, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागेल का. नाशिककर पूर असाच मोजतो, होळकर पुलावर उभं राहून, मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला. प्रश्न म्हणून सुंदर, उत्तर म्हणून अवघड. पुलावरनं एकाला कंबर दिसते, दुसऱ्याला छाती, लाट येते जाते, फोटो रात्रीचा. जानेवारीतलं भांडण डोळ्यासमोर आलं. मग तोडगा काढला की उत्तर गंगापूर धरणातनं सोडलेल्या पाण्याच्या क्युसेकच्या अधिकृत आकड्यावर, आणि मारुतीचा फोटो फक्त प्रश्नाच्या वर. पोरं आधी नाराज होती, मग पटलं.

६ मार्च

दादांनी आज स्वतःहून व्हिडिओच्या सुरुवातीला आपला स्कोअर सांगितला. आत्तापर्यंत सात अंदाज, त्यातले चार चुकीच्या बाजूला, ग्रुप माझ्यापेक्षा पुढे आहे, तर आजचा माझा आकडा ६५ आणि कारण हे हे. आवाज नेहमीपेक्षा हळू होता. मी कमेंट उघडून बसलो होतो, भीती होती लोक काय बोलतील. पहिलीच कमेंट, "दादा आता तुमचं जास्त पटतं."

व्ह्यूज कमी आलेत. हे पण लिहून ठेवतो कारण खरं आहे. तेजी तेजी ओरडणारा थंबनेल नाही तर अल्गोरिदम पुढे नेत नाही, आणि दादांची कमाई त्यावर आहे. यावर माझ्याकडे आज उपाय नाही. ताईंशी आणि दादांशी बसून बोलायचंय, रविवारी यार्ड बंद असतो तेव्हा.

८ मार्च

रविवार. दादा आले होते, काका पण योगायोगाने नाशकात होते, दोघांची पहिल्यांदा भेट. उन्हाळ कांदा चाळीत भरायचा का लगेच विकायचा यावर दोघं तासभर बोलत बसले, १ एप्रिल २०२५ पासून निर्यात शुल्क नाही पण परत लावलं तर, वगैरे. व्ह्यूजचा विषय राहूनच गेला.

जाताना काकांनी फोन मागितला. प्रश्न होता एप्रिलच्या दुसऱ्या शुक्रवारचा भाव पहिल्यापेक्षा जास्त असेल का. दादा मुद्दाम खिडकीकडे जाऊन उभे राहिले. काकांनी ३५ टाकलं, आणि कारणाच्या रकान्यात एका बोटाने लिहिलं, "आमच्याकडं समद्यांनी एकदमच काढायला घेतलाय, आवक येनार."

पाकीट बंद. उद्या दुपारी उघडेल.